वाचकांचे प्रश्न : अमेरिका-चीन व्यापाराची फेरमांडणी

अमेरिका आणि चीन यांच्या व्यापाराविषयी गेल्या काही महिन्यांत इतकी पत्रे आली, की या वेळचे सदर त्याच विषयाला द्यायचे ठरवले. पत्रे लांबलचक होती, म्हणून त्यांतला प्रश्न तेवढा छापला आहे आणि एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : चीनशी होणाऱ्या व्यापारात अमेरिकेला दरवर्षी शेकडो अब्ज डॉलरची तूट येते. जगातली सर्वांत मोठी अर्थव्यवस्था इतकी वर्षे फसत कशी राहिली? की ती फसलीच नाही?
— निवृत्त शिक्षिका, मिरज

अमेरिकेने हा दरवाजा डोळे उघडे ठेवून उघडला होता, त्यामुळे ‘फसवणूक’ हा शब्द मला पटत नाही. चीनच्या मालाला अमेरिकेत १९८० पासून सवलतीचे आयातशुल्क लागत असे. परंतु ती सवलत दरवर्षी नव्याने द्यावी लागे, दरवर्षी काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, तिच्यावरून वाद होई, आणि अमेरिकी बाजारपेठेच्या भरवशावर चीनमध्ये मोठा कारखाना उभारू पाहणाऱ्याच्या मनात कायम धाकधूक राही. ऑक्टोबर २००० मध्ये बिल क्लिंटन यांनी ही सवलत कायमस्वरूपी करणाऱ्या कायद्यावर सही केली आणि ११ डिसेंबर २००१ रोजी चीन जागतिक व्यापार संघटनेचा सदस्य झाला. गंमत अशी, की त्या कायद्यामुळे चिनी मालावरचे शुल्क प्रत्यक्षात फारसे खाली आलेच नाही, कारण सवलतीचा दर आधीपासूनच लागू होता. गेली ती धाकधूक, आणि कारखाने हलायला तेवढे पुरेसे झाले. मालाच्या व्यापारातली अमेरिकेची चीनबरोबरची तूट २००१ मध्ये सुमारे ८३ अब्ज डॉलर होती. २०१८ मध्ये ती ४१८ अब्जांच्या घरात गेली.

मात्र हा आकडा वाचताना थोडे थांबावे लागते. २००९ च्या सुमारास चीनमधून बाहेर पडणाऱ्या एका आयफोनचा उत्पादनखर्च अंदाजे १७९ डॉलर होता. त्याचा पडदा, मेमरी, कॅमेरा आणि इतर सुटे भाग जपान, दक्षिण कोरिया, जर्मनी आणि खुद्द अमेरिकेतील कंपन्यांचे होते, तर चीनमधल्या जुळणीचा वाटा अवघा साडेसहा डॉलर होता. तरीही अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्याच्या वहीत तो फोन पूर्ण किमतीने चीनच्या नावावर चढत असे. मधल्या काळात सुटे भाग बनवणाऱ्या चिनी कंपन्या उभ्या राहिल्यामुळे आज चीनचा वाटा पुष्कळ वाढलेला आहे. पण दोन देशांमधली तूट म्हणजे एकाने दुसऱ्याच्या खिशातून काढलेले पैसे, हा हिशेब तेव्हाही चुकीचा होता आणि आजही आहे.

२०१८ नंतर काय झाले ते पाहिले, तर हे आणखी स्पष्ट होते. डोनाल्ड ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीतली शुल्के जो बायडेन यांनी जवळजवळ जशीच्या तशी ठेवली, आणि चीनबरोबरची तूट २०२४ पर्यंत सुमारे २९५ अब्ज डॉलरवर उतरली. त्याच काळात अमेरिकेची मालाच्या व्यापारातली एकूण तूट मात्र पावणेनऊशे अब्जांच्या आसपासहून सुमारे १,२०० अब्जांवर गेली. व्हिएतनामबरोबरची तूट ४० अब्जांच्या आसपास होती, ती १२० अब्जांच्या वर पोहोचली. मेक्सिकोबरोबरची दुपटीहून अधिक झाली, आणि २०२३ मध्ये मेक्सिकोने चीनला मागे टाकून अमेरिकेच्या सर्वांत मोठ्या पुरवठादाराची जागा घेतली. ओढ्यात बांध घातल्यावर पाणी शेजारच्या शेतातून वाट काढते, तसा माल वळसा घालून आला, आणि व्हिएतनाममध्ये जुळणी झालेल्या कित्येक वस्तूंच्या आतले भाग चीनचेच होते.

याचे कारण असे, की एकूण तूट किती असावी हे बंदरावरच्या शुल्कापेक्षा दोन्ही देशांच्या घरातला खर्च ठरवतो. चीनमध्ये कुटुंबांचा उपभोगावरचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ४० टक्के आहे आणि अमेरिकेत तो ६८ टक्क्यांच्या आसपास आहे. ग्रामीण चीनमधल्या वृद्धाला मिळणारे सरकारी निवृत्तिवेतन महिन्याला २०० युआनच्या आसपास असते. अशा घरातला कर्ता माणूस मिळकत खर्च करण्याऐवजी आजारपणासाठी आणि म्हातारपणासाठी साठवतो, आणि देशात न खपलेला माल मग बाहेर पाठवावा लागतो. अमेरिकेचे सरकार उलट एकट्या २०२४ या वित्तीय वर्षात उत्पन्नापेक्षा सुमारे १,८०० अब्ज डॉलर जास्त खर्च करून बसले. अमेरिकेला होणारी निर्यात घसरलेली असतानाही २०२५ च्या पहिल्या ११ महिन्यांतच चीनचे एकूण व्यापारी आधिक्य, म्हणजे आयातीहून जास्त झालेली निर्यात, १,००० अब्ज डॉलरच्या पुढे गेले, ते यामुळेच. फेरमांडणी करायचीच असेल, तर बीजिंगला ग्रामीण निवृत्तिवेतन वाढवावे लागेल आणि वॉशिंग्टनला कर वाढवावे तरी लागतील किंवा खर्च तरी कमी करावा लागेल. दोन्हींपैकी एकही गोष्ट वाटाघाटींच्या टेबलावर नाही.

प्रश्न : ‘चीन आम्हांला शुल्क भरतो’ असे अमेरिकेचे अध्यक्ष म्हणतात. आयातशुल्क नेमके कोणाच्या खिशातून जाते?
— सनदी लेखापालाच्या कार्यालयातील कर्मचारी, ठाणे

कायद्याने ते आयातदार भरतो. माल पाठवणारा देश भरत नाही. शेवटी भार कोणावर पडतो हा वेगळा प्रश्न आहे, आणि तो कोण कोणावाचून किती काळ राहू शकतो यावर ठरतो.

६ जुलै २०१८ ची एक घटना सांगतो. ‘पीक पेगॅसस’ नावाचे जहाज सुमारे ७०,००० टन अमेरिकी सोयाबीन घेऊन चीनच्या दालियान बंदराकडे पूर्ण वेगाने निघाले होते. त्या दिवशी दुपारी अमेरिकेची ३४ अब्ज डॉलरच्या चिनी मालावरची २५ टक्क्यांची शुल्के आणि त्यांना प्रत्युत्तर म्हणून चीनची शुल्के लागू होणार होती. चिनी समाजमाध्यमांवर लाखो लोक नकाशावर त्या जहाजाचा ठिपका पाहत बसले होते. जहाज काही तासांनी चुकले. नंतर महिनाभर ते किनाऱ्याजवळ घिरट्या घालत राहिले, भाड्यापोटी दिवसाला हजारो डॉलर जात राहिले, आणि ऑगस्टमध्ये माल उतरवला तेव्हा त्यावर सुमारे ६० लाख डॉलरचे ज्यादा शुल्क लागले. हे पैसे अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या शेतकऱ्याने भरले नाहीत. पण त्या वर्षी त्याच्या सोयाबीनचे भाव कोसळले, म्हणजे त्याचा हिस्सा त्याने दुसऱ्या वाटेने भरलाच.

उलट दिशेने पाहिले, तर मेरी अमिती, स्टीफन रेडिंग आणि डेव्हिड वाइनस्टाइन या अर्थतज्ज्ञांनी २०१८ च्या शुल्कांचा अभ्यास केला, तेव्हा चिनी निर्यातदारांनी आपले भाव जवळजवळ उतरवलेच नव्हते आणि शुल्काचा जवळपास सगळा बोजा अमेरिकी आयातदारांवर व ग्राहकांवर पडला होता, असे त्यांना आढळले. त्यात भर म्हणजे चीनने खरेदी थांबवल्यामुळे अडचणीत आलेल्या आपल्या शेतकऱ्यांसाठी अमेरिकी सरकारने २०१८ आणि २०१९ मध्ये मिळून २८ अब्ज डॉलरची मदत जाहीर केली. एका हाताने गोळा केलेले दुसऱ्या हाताने वाटण्याचा हा हिशेब तुमच्या कार्यालयात कोणी पास केला नसता.

प्रश्न : अमेरिकेने चिनी मालावर १४५ टक्के शुल्क लावले आणि चीनने उलट १२५ टक्के. जागतिक व्यापार संघटना मग करते काय?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, नागपूर

सध्या जवळपास काहीच नाही. २०१८ ची अमेरिकी शुल्के नियमबाह्य असल्याचा निर्णय संघटनेच्या तंटा समितीने सप्टेंबर २०२० मध्ये दिला होता. अमेरिकेने त्यावर अपील केले. पण अपील ऐकणाऱ्या मंडळावर नवे सदस्य नेमू देण्यास अमेरिकेनेच वर्षानुवर्षे नकार दिल्यामुळे ते मंडळ डिसेंबर २०१९ पासून बंद होते. न्यायालयाला कुलूप घालून मग अपील दाखल करावे, तसा हा प्रकार आहे. आपण लिहिलेले दर एप्रिल २०२५ मधले आहेत. १२ मे रोजी जिनिव्हात ते अनुक्रमे ३० आणि १० टक्क्यांवर आणण्याचे ठरले, परंतु त्याखाली २०१८ पासूनची जुनी शुल्के तशीच राहिली.

प्रश्न : मी मिशिगनमध्ये वाहन उद्योगात काम करते. गेलेले कारखाने शुल्के लावून परत आणू, असे इथे दोन्ही पक्षांचे पुढारी सांगतात. १९८० च्या दशकात जपानशी असेच भांडण झाले होते आणि जपानी कारखाने इथे आले. आता तसे होईल का?
— एक वाचक, अमेरिका

जपानचा दाखला अर्धाच लागू पडतो. १९८१ मध्ये अमेरिकेच्या दबावाखाली जपानने अमेरिकेला पाठवायच्या मोटारींवर वर्षाला १६.८ लाखांची ‘स्वेच्छेची’ मर्यादा घालून घेतली; डॉलर स्वस्त करण्यासाठी झालेल्या १९८५ च्या प्लाझा करारानंतर येन महाग झाला; आणि बाहेरून माल पाठवणे परवडेनासे झाल्यावर जपानी कंपन्या भिंतीच्या आत येऊन बसल्या. होंडाने १९८२ मध्ये ओहायोतल्या मेरिसव्हिलमध्ये मोटारी बनवायला सुरुवात केली आणि टोयोटाने १९८८ मध्ये केंटकीत. जपान अमेरिकेच्या लष्करी छत्राखाली होता, त्यामुळे त्याचे कारखाने आल्याने वॉशिंग्टनमध्ये कोणाची झोप उडाली नाही.

चीनच्या बाबतीत हे दारच बंद आहे. बायडेन सरकारने २०२४ मध्ये चिनी विद्युत मोटारींवर १०० टक्के शुल्क लावले, आणि जानेवारी २०२५ मध्ये इंटरनेटला जोडलेल्या वाहनांमधली चिनी संगणकप्रणाली २०२७ च्या मॉडेलपासून वापरता येणार नाही असा नियम केला. माल नको आणि कारखानाही नको, अशी ही भूमिका आहे. सुरक्षेच्या दृष्टीने तिचे समर्थन करता येईल. पण मग नोकऱ्या परत आणण्यासाठी जपानच्या वेळी जो मार्ग चालला, तो आपणच बुजवला हे कबूल करायला हवे.

नोकऱ्यांचे म्हणाल, तर अमेरिकेच्या कारखान्यांत २००० साली सुमारे १.७३ कोटी लोक काम करत होते आणि २०१० मध्ये १.१५ कोटी. डेव्हिड ऑटर, डेव्हिड डॉर्न आणि गॉर्डन हॅन्सन यांच्या संशोधनाने या घसरणीतला चीनचा वाटा प्रथम गावनिहाय दाखवला, आणि त्यांच्यासह इतर अर्थतज्ज्ञांच्या पुढच्या अभ्यासात १९९९ ते २०११ या काळात चिनी आयातीमुळे एकूण २० लाखांहून अधिक नोकऱ्या गेल्याचा अंदाज निघाला. पाठ्यपुस्तकाप्रमाणे या लोकांनी दुसरे गाव गाठायला हवे होते किंवा दुसरे काम शिकायला हवे होते. प्रत्यक्षात नॉर्थ कॅरोलायनातल्या फर्निचरच्या गावांमधले पुष्कळ लोक आहे तिथेच राहिले, कमी पगाराच्या कामांत गेले किंवा अपंगत्वाच्या भत्त्यावर आले. गिरणी संपानंतरचे लालबाग-परळ ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

२०१८ पासून शुल्के आहेत, तरी कारखान्यांतल्या नोकऱ्या तेव्हाही सुमारे १.२७ कोटी होत्या आणि २०२५ मध्येही जवळपास तेवढ्याच राहिल्या. आणि परदेशी मालामुळे नोकरी गेलेल्या कामगारांना प्रशिक्षण व भत्ता देणारी जी योजना केनेडी यांच्या काळात, १९६२ मध्ये सुरू झाली होती, तिची मुदत २०२२ मध्ये संपली तेव्हा काँग्रेसने ती वाढवलीच नाही. शुल्कांवर दोन्ही पक्षांचे एकमत झाले आणि कामगाराच्या भत्त्यावर झाले नाही. या सगळ्या फेरविचारातली मला सर्वांत खटकणारी गोष्ट हीच आहे.

प्रश्न : विजेच्या दुचाकींच्या मोटरसाठी आम्ही सुटे भाग पुरवतो. भांडण अमेरिका आणि चीनचे, पण २०२५ मध्ये चुंबक न मिळाल्यामुळे आमच्या ग्राहकाची लाइन अडली. यात आमचा काय संबंध होता?
— लघुउद्योजक, चाकण

संबंध असा, की चीनने हत्यार उगारले ते अमेरिकेवर, पण परवान्याची अट घातली ती सगळ्या जगाला. ४ एप्रिल २०२५ रोजी चीनने सात दुर्मिळ मृदा धातू आणि त्यांपासून बनणारी चुंबके यांच्या निर्यातीसाठी परवाना बंधनकारक केला. मोटरमधल्या चुंबकाचा मुख्य धातू निओडिमियम. तो या यादीत नव्हता. पण मोटर तापल्यावर चुंबकाची ताकद उतरू नये म्हणून त्यात थोडेसे डिस्प्रोसियम किंवा टर्बियम घालतात, आणि हे दोन्ही यादीत होते. चिमूटभर मिठासाठी संपूर्ण भाजी अडावी, तसे झाले. माल कुठे वापरणार आणि लष्करी कामासाठी वापरणार नाही, याची हमीपत्रे गोळा करण्यात महिने गेले. हा फटका एकट्या चाकणला बसला असे नाही. मे महिन्यात फोर्डला शिकागोतला आपला कारखाना याच कारणाने आठवडाभर बंद ठेवावा लागला.

हे धातू नावाप्रमाणे दुर्मिळ नाहीत. दुर्मिळ आहे ते त्यांना एकमेकांपासून वेगळे करण्याचे काम, कारण ते किचकट, प्रदूषणकारी आणि कमी नफ्याचे आहे. कॅलिफोर्नियातली माउंटन पास ही खाण एके काळी जगाची सर्वांत मोठी पुरवठादार होती. पर्यावरणाच्या तक्रारी आणि स्वस्त चिनी माल यांच्यापुढे ती २००२ मध्ये बंद पडली, पुन्हा उघडली, २०१५ मध्ये तिच्या मालक कंपनीचे दिवाळे निघाले, आणि नव्या मालकांच्या हाती आल्यावरही तिचे खनिज शुद्धीकरणासाठी वर्षानुवर्षे चीनलाच जात राहिले. जगातल्या शुद्धीकरणाचा सुमारे ९० टक्के भाग आज चीनमध्ये होतो. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने या खाणीच्या कंपनीत ४० कोटी डॉलर गुंतवले आणि तिच्या निओडिमियम-प्रासियोडिमियमला किलोमागे ११० डॉलरचा किमान भाव बांधून दिला. मुक्त बाजाराचा पुरस्कार करणाऱ्या देशाने खाणीला हमीभाव द्यावा, यावरून वारे किती फिरले आहे ते कळते.

२०१८ चे भांडण भावाचे आणि तुटीचे होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेने प्रगत चिप आणि त्या बनवण्याची यंत्रे चीनला विकण्यावर निर्बंध घातले, तेव्हापासून भांडण कोण कोणाचे काय अडवू शकतो यावर आले. चिपांच्या बाबतीत अमेरिकेचा हात वर आहे आणि चुंबकांच्या बाबतीत चीनचा. ३० ऑक्टोबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातल्या बुसानमध्ये ट्रम्प आणि शी जिनपिंग भेटले, तेव्हा चीनने त्याच महिन्यात जाहीर केलेले आणखी कडक निर्यातनियम वर्षभरासाठी स्थगित ठेवले आणि अमेरिकेने फेंटानिल या अमली पदार्थाच्या कारणाने लावलेले २० टक्के शुल्क १० टक्क्यांवर आणले. स्थगिती म्हणजे माघार नव्हे. म्हणून आपण या वर्षभराकडे साठा करण्याची मुदत म्हणून पाहावे. काही वाहन कंपन्यांनी डिस्प्रोसियमशिवायच्या चुंबकांवर चालतील अशा मोटर आखल्या आहेत. आपल्या ग्राहकाचा पुढचा आराखडा कोणता, हे आत्ताच विचारून घ्यावे. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये वर्षाला ६,००० टन चुंबके देशात बनवण्यासाठी ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली आहे, पण तिच्यातून माल हाती यायला वर्षे लागतील.

प्रश्न : चीनने अमेरिकेचे सोयाबीन नाकारले तर आपल्याला चीनचे गिऱ्हाईक मिळेल का? आणि भाव पडला की अडत्या म्हणतो, ‘शिकागो पडले.’ हे खरे मानावे का?
— शेतकरी, औसा, जि. लातूर

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. चीन वर्षाला १० कोटी टनांहून अधिक सोयाबीन आयात करतो. भारताचे संपूर्ण पीक साधारण सव्वा कोटी टनांच्या आगेमागे असते आणि ते देशातच गाळले जाते. चीनला हवे असते ते डुकरांच्या आणि कोंबड्यांच्या खाद्यासाठी स्वस्त आणि अफाट प्रमाणातले बी, आणि ते ब्राझील पुरवतो. २०१८ च्या भांडणात शिकागोचा, म्हणजे अमेरिकेतल्या शिकागोच्या वायदे बाजारातला, भाव दहा वर्षांतल्या नीचांकाजवळ गेला, तर ब्राझीलच्या बंदरांवर शिकागोच्या वर मोठा प्रीमियम मिळू लागला. ब्राझीलच्या शेतकऱ्याने त्या जोरावर पेरा वाढवला, आणि नंतर तह झाला तरी तो पेरा मागे आला नाही. २०२४ मध्ये चीनच्या सोयाबीन आयातीत ब्राझीलचा वाटा ७० टक्क्यांच्या वर होता. सप्टेंबर २०२५ मध्ये तर चीनने अमेरिकेकडून एक दाणाही आयात केला नाही. बुसानमध्ये चीनने वर्षाला २.५ कोटी टन घेण्याचे कबूल केल्याचा अमेरिकेत गाजावाजा झाला. पण २०२४ मध्ये, खरेदीचे कोणतेही बंधन नसताना, अमेरिकेने चीनला सुमारे २.७ कोटी टन विकलेच होते.

अडत्याचे म्हणणे अर्धे खरे आहे. सोयाबीन गाळले की त्यातून साधारण १८ टक्के तेल निघते आणि बाकी बहुतेक पेंड. आपली पेंड बाहेर अर्जेंटिनाच्या पेंडीशी स्पर्धा करते, आणि आपण खाद्यतेलाच्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक तेल आयात करत असल्यामुळे तेलाचा भाव बंदरावर उतरणाऱ्या मालावरून ठरतो. शिकागो पडले की अर्जेंटिनाचे तेल आणि पेंड उतरते, प्लांटवाला आपला दर उतरवतो, आणि तो दर संध्याकाळपर्यंत लातूरच्या आडतीत पोहोचतो. इथपर्यंत अडत्या बरोबर आहे.

परंतु मधे दिल्ली आहे, आणि तिचे नाव अडत्या सहसा घेत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरचे मूळ आयातशुल्क २० टक्के केले आणि मे २०२५ च्या अखेरीस ते १० टक्क्यांवर आणले. ऑगस्ट २०२१ मध्ये सोयाबीनने क्विंटलला १०,००० रुपयांचा टप्पा ओलांडला, तेव्हा कुक्कुटपालकांच्या मागणीवरून १२ लाख टन जनुकबदल सोयापेंड आयात करायला परवानगी देण्यात आली आणि नव्या हंगामाच्या तोंडावर बाजार खाली आला. २०२५-२६ साठी हमीभाव ५,३२८ रुपये जाहीर झालेला असताना बाजार त्याच्या बराच खाली राहिला. यात शिकागोचा वाटा आहे, जगभरातल्या मुबलक पिकाचा आहे, आणि त्या १० टक्क्यांचाही आहे. तेव्हा पुढच्या वेळी ‘शिकागो पडले’ असे ऐकाल, तेव्हा अडत्याला दोन गोष्टी विचाराव्यात : शिकागो गेल्या आठवड्याच्या मानाने किती टक्क्यांनी पडले, आणि कच्च्या सोयातेलावर आज शुल्क किती आहे. शिकागो दोन टक्क्यांनी उतरले आणि आपला भाव आठ टक्क्यांनी उतरला असेल, तर उरलेल्या सहा टक्क्यांचे कारण त्याला दुसरीकडे शोधायला लावावे.